तेरा एप्रिलपासून नवरी

वाडी, बडोदे
११ जानेवारी १९९५

आदरणीय मोहनाकाकूंना,

'आपल्याला वित्तक्षेत्रात का यायचे आहे?' या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.

पत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आधी नमस्कार, मग खुशाली, मग काम. पण मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, तेव्हा खुशाली विचारायचा हक्क मला आहे की नाही, तेच कळेना. नमस्कार मात्र मनापासून करते.

माझं नाव पूर्वी, प्रतापसिंह इंगळ्यांची मी मुलगी. रणवीरकाका माझ्या आबांचे, म्हणजे वडिलांचे, चुलतभाऊ. दर दिवाळीला काकांचं कार्ड येतं, त्यावर तुमचं दोघांचं नाव आणि मुंबईचा पत्ता असतो. आमच्या घरून त्याला उत्तर जात नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "आजोबांचा शब्द होता." आजोबा, म्हणजे सुभानराव, जाऊन चार वर्षं झाली. कार्डं मात्र आबांनी टाकलेली नाहीत. देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे अकराच्या अकरा आहेत. पत्ता मी तिथून घेतला.

मी टी.वाय. बी.कॉम.ला आहे. पास झाले तर घरातली पहिली पदवी माझी. परवा फॅकल्टीच्या फळ्यावर जाहिरात लागली: मुंबईची एक फायनान्स कंपनी इथे अलकापुरीत शाखा काढते आहे, चार शिकाऊ अधिकारी हवेत, यंदा परीक्षा देणाऱ्यांनीही अर्ज करावा. कंपनीचं नाव वाचलं आणि तिथेच उभी राहिले. मागच्या कार्डावर काकांनी लिहिलं होतं की तुम्ही तिथे काम करता.

अर्जाचे सगळे रकाने भरले. शेवटी मोठा चौकोन आहे आणि वर तो प्रश्न. उत्तर दीडशे शब्दांत. माझ्या मैत्रिणीने, रूपालीने, 'देशाच्या प्रगतीसाठी' असं लिहिलं. मी म्हटलं, "तुला तर पंख्याखाली बसायची नोकरी हवी आहे." ती म्हणाली, "हा, पण ते लिहायला दीडशे शब्द लागत नाहीत ने!"

आबा बँकेत आहेत, त्यामुळे पैशाच्या कामाची मला लहानपणापासून ओळख आहे. ते काम मला आवडतं. पण का आवडतं, हे विचारलं की बोबडी वळते. तुम्ही दहा वर्षं हे काम करता आहात. तुम्ही काय लिहिलं होतं?

मला वशिला नको आहे, काकू. फक्त उत्तर कसं शोधतात ते सांगा.

आमच्या मराठीत गुजराती मिसळलेलं असतं. कुठे अडलं तर काकांना विचारा.

तुमची (अजून न पाहिलेली) पुतणी,
पूर्वी

*

मुलुंड, मुंबई
२४ जानेवारी १९९५

चि. पूर्वी,

तुझं पाकीट मी जिन्यातच फोडलं. अकरा वर्षांत बडोद्याचा शिक्का असलेलं हे पहिलंच. दार उघडायचं राहिलं आणि शेजारीण विचारायला लागली, "काही वाईट बातमी नाही ना?" मी म्हटलं, "नाही हो, पुतणीचं पत्र आहे." हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारलं.

आमच्या लग्नाला तुमच्या घरचं कोणी आलं नाही. माझी जात वेगळी, त्यातून मी नोकरी करणारी. तो हिशेब मी तुझ्याशी मांडणार नाही, तू तेव्हा दहा वर्षांची असशील. पण तू तसबिरीमागून पत्ता काढलास, हे तुझ्या काकांना आजच आसामात कळवते आहे. ते फौजेत आहेत, मे अखेरीशिवाय रजा नाही.

आता तुझा प्रश्न. मी पहिल्या मुलाखतीत सांगितलं होतं, "मला आकडे आवडतात." साहेब म्हणाले, "मग पंचांग विकत घ्या." तेव्हा माझं उत्तर उसनं घेऊ नकोस. खोटंही लिहू नकोस. दीडशे शब्दांचं खोटं मुलाखतीतल्या एका प्रश्नात फुटतं. खरं सापडेपर्यंत चौकोन कोरा राहू दे. आबा बँकेत आहेत ना? मग त्यांनाच विचार, इतकी वर्षं त्यांनी ते काम का केलं.

मुदत १५ मार्चची आहे. अर्ज माझ्याकडे पाठव. चुका असतील त्या दाखवीन आणि कर्मचारी विभागात स्वतः नेऊन देईन. चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर कागद नेणं म्हणजे वशिला नव्हे.

परीक्षा कधी संपते आणि पुढचं काय ठरलं आहे, तेही लिही.

मोहनाकाकू

*

वाडी, बडोदे
८ फेब्रुवारी १९९५

प्रिय काकू,

या वेळी 'आदरणीय' खोडून 'प्रिय' लिहिलं आहे. चालेल ना?

अर्ज सोबत आहे. दांडिया बाजारातल्या टायपिंगच्या क्लासात दोनदा टाइप केला. पहिल्या वेळी 'अविवाहित' या शब्दावर खूण करताना कागद फाटला. शेवटचा चौकोन तुमच्या सांगण्याप्रमाणे कोरा आहे.

आबांना विचारलं. ते जेवत होते. म्हणाले, "पगार मिळतो म्हणून." मग ताक पिऊन झाल्यावर आपणहून म्हणाले, "आणि लोक घाबरलेले असतात म्हणून." याचा अर्थ मला लागला नाही. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

तुम्ही पुढचं विचारलंत. सगळं ठरलं आहे. १२ एप्रिलला शेवटचा पेपर. १३ एप्रिलपासून मी नवरी. आई आत्तापासून म्हणते, नवरी झालीस म्हणजे तरी स्वयंपाकात लक्ष घालशील. आणि सगळ्यांत मोठी बातमी म्हणजे आबांनी होकार दिला आहे! मी घाबरत घाबरत विषय काढला होता. आबांनी आधी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "आधी परीक्षा. मग नवरी झालीस की मुंबईला काकूच्या पाया पडून ये." आबांच्या तोंडून 'काकू' हा शब्द निघाला, हे आमच्या घरात केवढं आहे, ते तुम्हाला कळेल. मला इतका आनंद झाला आहे की ऑडिटचं पुस्तक उलटं धरून तासभर वाचत होते.

माझं अक्षर वाईट असेल तर सांगा. 

तुमची,
पूर्वी

*

मुलुंड, मुंबई
२१ फेब्रुवारी १९९५

चि. पूर्वी,

पत्र आणि कागद पोचले. पत्र दोनदा वाचलं. खरं सांगू? इतक्या लवकर असं काही होईल, असं मला वाटलं नव्हतं. पण तू आनंदाने लिहिलं आहेस आणि आबांचा होकार आहे, तेव्हा माझ्यासारखीने लांबून बोलू नये. एवढंच सांगते: त्यानंतरही पुस्तक मिटू नकोस.

अर्जाचा विचार आता मनातून काढून टाक.

सोबत साडी पाठवते आहे, आम्हा दोघांकडून. त्या दिवशी आम्ही तिथे असणार नाही, हे मी समजून आहे. तू ती त्या दिवशी नेस, म्हणजे आम्हाला पोचलं.

मोहनाकाकू

*

वाडी, बडोदे
४ मार्च १९९५

प्रिय काकू,

साडीचं पार्सल उघडलं तेव्हा शेजारच्या गंगाबाई, जिजाबाई, सगळ्या गोळा झाल्या. मोरपंखी रंग आणि असे काठ! आई म्हणाली, "एवढी भारी कशाला पाठवली?" आबा म्हणाले, "चार परकी माणसं समोर बसून पोरीला बघणार. साडी चांगलीच हवी." आईने लगेच फॉल लावायला घेतला.

त्या दिवसाची मला धास्ती वाटते. ते काही विचारतील आणि मी गप्पच बसले तर? पण अंगावर तुमची साडी असेल, म्हणजे तुम्ही तिथे आहातच असं मी समजेन.

तुम्ही सांगितलंत तसा अर्जाचा विचार मनातून पार काढून टाकला आणि अभ्यासाला लागले. 'पुस्तक मिटू नकोस' हे तुमचं वाक्य टेबलासमोर लिहून लावलं आहे. आता परीक्षा होईपर्यंत पत्र लिहिणार नाही. तुमचं आलं तर मात्र दहादा वाचेन.

तुमची,
पूर्वी

*

वाडी, बडोदे
१५ मे १९९५

प्रिय काकू,

तुमचं पत्र आलं नाही. कामात असाल.

परीक्षा चांगली गेली. आमच्या वर्गातल्या दोघांना तुमच्या कंपनीची मुलाखतीची पत्रं आली आहेत. रूपालीला आलं, आणि मागच्या बाकावरच्या वरदलाही. मी दहा दिवस पोस्टमनची वाट पाहिली. तो आता मला लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो.

माझी निवड झाली नाही, हे मला समजलं. तुम्ही नियमाप्रमाणे अर्ज दिला असेल आणि त्यांनी नियमाप्रमाणे पाहिला असेल. मी वशिला नको म्हटलं होतं, तेव्हा आता रुसायचा मला हक्क नाही. कोरा चौकोन त्यांना उद्धटपणाचा वाटला असेल कदाचित. पण खोटं लिहिलं नाही, याचं वाईट वाटत नाही.

एकच विचारायचं आहे. साडी तुम्ही ज्या दिवसासाठी पाठवलीत तो दिवस काही आला नाही. ती घडी न मोडता तशीच आहे. परत पाठवू का?

मुंबईला येणं सध्या राहू दे. मुलाखतीत नापास झालेलीने काय तोंड दाखवायचं? तेही नाही, मुलाखतीपर्यंतही न पोचलेलीने.

तुमची,
पूर्वी

*

मुलुंड, मुंबई
३० मे १९९५

चि. पूर्वी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली, कारण त्यांत मी स्वतःला सोडवून घेत होते.

तुझा अर्ज कर्मचारी विभागात पोचलाच नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात होता. तुझी निवड झाली नाही हे खरं नाही. तुला कोणी पाहिलंच नाही.

तुझे काका चोवीस तारखेला रजेवर आले. चहा पुढे ठेवला आणि तुझी सगळी पत्रंही ठेवली. म्हटलं, "तुमच्या घरच्यांनी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पोरीला बोहल्यावर उभी केली. पेपरची शाई वाळू दिली नाही. आणि आता ती साडी परत पाठवते म्हणते आणि मुलाखतीची गोष्ट काढते. लग्न मोडलं की काय?"

त्यांनी तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचलं. मग खुर्चीचा हात धरून वाकले. मला वाटलं, ठसका लागला.

"कुणाचं लग्न? अगं, ती नवरी आहे!"

"तेच तर म्हणते मी!"

"अगं बाई, नवरी म्हणजे रिकामी! मोकळी! गुजराती शब्द तो. शेजारच्या बायका दुपारी दारात येऊन विचारायच्या, नवरी असशील तर पापड लाटायला ये. आमची आजी सत्तराव्या वर्षी रोज दोन ते चार नवरी असायची!"

पूर्वी, ते हसत होते आणि मी त्यांच्यासमोर रडत होते. ते घाबरले. त्यांना अर्जाचं ठाऊक नव्हतं.

तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, कुठे अडलं तर काकांना विचारा. मला अडलंच नाही. तिथेच चूक झाली. मी त्यांनाही आसामात कळवून मोकळी झाले होते की प्रतापदादांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'आता तरी बोलावतील का?' ती ओळ वाचून मला तुमच्या घराचा पुन्हा राग आला, आणि त्या रागात मी तुझ्या मार्चच्या पत्राला उत्तर दिलं नाही.

अर्ज का दिला नाही, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एका मुलीची शिफारस केली होती. लग्न होऊन ती तीन महिन्यांत गेली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मोहनाबाई, पुढच्या वेळी पत्रिका पाहून माणूस आणा." तुझ्या अर्जावर 'अविवाहित' आणि पत्रात नवरी. मी ठरवूनच टाकलं की हा कागद एप्रिलपर्यंत खोटा ठरणार. तुला एक ओळ लिहून विचारता आलं असतं. घरच्या दबावाखाली मुली गप्प बसतात म्हणून मी तावातावाने बोलते, आणि माझ्या घरात मीच तुझ्या वतीने परस्पर निर्णय घेतला.

काल साहेबांना सगळं सांगितलं. मुलाखती ९ जूनला अलकापुरीच्या कार्यालयात आहेत. यादी बारा जणांची आहे आणि एका दिवसात बाराच होतात. साहेब म्हणाले, शेवटच्या नावाच्या उमेदवाराला पुढच्या वर्षी बोलावू, त्या जागी तुमच्या पुतणीला घेऊ. तू फक्त तिथल्या व्यवस्थापकांना सहा तारखेपर्यंत होकार कळव. तुला हे आवडणार नाही, असं एक मन सांगतं. पण नुकसान माझ्यामुळे झालं आहे. ते मला भरून काढू दे.

तुझा अर्ज सोबत परत पाठवते आहे. चौकोन भरून ने.

साडी ठेव. ती लग्नाचा आहेर म्हणून पाठवली होती, पण आता तू म्हणशील तो दिवस तिचा.

मोहनाकाकू

ता. क. : काकांनी तुझी पत्रं खिशात ठेवली आहेत, परत देत नाहीत.

*

वाडी, बडोदे
७ जून १९९५

प्रिय काकू,

तुमचं पत्र शनिवारी आलं. मी ते घरात मोठ्याने वाचलं. 'लग्न मोडलं की काय' इथे आई हसून हसून जमिनीवर बसली. गंगाबाईंना ऐकू कमी येतं, त्यांनी विचारलं, "कुणाचं मोडलं?" आणि संध्याकाळपर्यंत वाडीत चार घरी खबर गेली की इंगळ्यांच्या पोरीचं लग्न मोडलं. आता आई घरोघरी जाऊन सांगते आहे की मोडायला आधी ठरावं लागतं.

आबा हसले नाहीत. त्यांनी 'आता तरी बोलावतील का' ही ओळ मला पुन्हा वाचायला लावली.

तुम्ही मला सगळं खरं सांगितलंत, तेव्हा माझंही राहिलेलं सांगते. आबा बँकेत आहेत, असं मी पत्रात आणि अर्जातही लिहिलं. ते बँकेच्या दारात आहेत. बावीस वर्षं बंदूक घेऊन स्टुलावर बसतात. मला त्याची लाज वाटत होती असं नाही. पण 'बँकेत' लिहून मी पुढचं झाकलं, याला दुसरं काय म्हणायचं?

आता मधल्या दिवसांचं. तुम्हाला पंधरा मेचं पत्र टाकलं आणि दोन दिवसांनी मी सयाजीगंजात शेअरदलालांच्या पाट्या वाचत एकेक जिना चढू लागले. पहिल्या तीन ठिकाणी "जागा नथी." चौथं कार्यालय रसिकभाईंचं. दोन खोल्या, एक फोन, कागदांचे गठ्ठे. रसिकभाईंनी माझी गुणपत्रिका पाहिली नाही, नाव विचारलं नाही. मान वर न करता म्हणाले, "बेन, हमणां नवरां छो?"

मी म्हटलं, "हा, नवरी छुं."

"तो बेसी जाओ."

आणि मी बसले. त्या शब्दाने मुंबईत काय केलं होतं ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. शनिवारी तुमचं पत्र वाचलं आणि मला दोन्ही खोल्या एकदम दिसल्या: एकीत तुमचा खण बंद होतो आहे, दुसरीत माझ्यासाठी खुर्ची सरकवली जाते आहे.

पगार तुमच्या कंपनीच्या निम्मासुद्धा नाही. काम म्हणजे परत आलेले कागद. शेअर विकताना सही जुन्या सहीसारखी झाली नाही तर कंपनी कागद परत पाठवते. असे कागद इथे ढिगाने येतात. त्यातले निम्मे दांडिया बाजार नि वाडीतले, आपल्याच मराठी म्हाताऱ्या माणसांचे. रसिकभाईंना त्यांच्याशी बोलता येत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

गेल्या आठवड्यात भास्करराव आले. शाळेतले निवृत्त चित्रकलेचे मास्तर. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शेअर विकायचे, आणि कागद दोनदा परत आलेला. सोळा वर्षांपूर्वीची सही ऐटीत, एका झोकात केलेली. आताची प्रत्येक अक्षरापाशी थांबणारी. मला म्हणाले, "बाळ, मी भास्कर आहे, हे मला कुणी सिद्ध करायला लावेल असं वाटलं नव्हतं." त्यांनी सात-आठदा सही केली. दर वेळी जास्तच बिघडली.

त्या संध्याकाळी मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "घाबरला की माणसाचा हात बदलतो. त्याला आधी दुसरंच काही लिहायला लाव." आणि मग, काकू, जे मी लहानपणापासून पाहत आले होते ते मला पहिल्यांदा दिसलं. आबांच्या स्टुलाखाली कायम जुन्या कॅलेंडरची पानं असतात, पाठकोरी. पेन्शनवाले, विधवा बायका आत जायला बिचकतात. आबा त्यांना बंदुकीशेजारी बसवतात, पान देतात, म्हणतात, "आधी इथे करून बघा, मग आत जा." मी शाळेतून डबा घेऊन जायची तेव्हा ती पानं गोळा करून त्यांवर गणितं करायची. माझी सगळी गणितं लोकांच्या थरथरत्या सह्यांच्या मधल्या जागेत केलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी भास्कररावांना पाठकोरं पान दिलं. म्हटलं, "मास्तर, सही नको. तुमच्या वर्गाची हजेरी लिहा." ते हसले. मग लिहू लागले. घोरपडे, शिर्के, पटेल, माने. दहाव्या नावापर्यंत पाठ सरळ झाली. विसाव्या नावाखाली त्यांनी रोजच्यासारखी, वर न बघता सही ठोकली. रसिकभाईंनी ती जुन्या कागदाशेजारी धरली आणि म्हणाले, "आ चाले." मग खऱ्या कागदावर पुन्हा तसंच केलं. वर हजेरीचं पान, खाली कागद. हात थांबला नाही.

तर तुमचा चौकोन मी भरला आहे. दीडशे शब्द झाले नाहीत. लिहिलं आहे: 'कारण लोक घाबरलेले असतात, आणि माझे वडील त्यांना दाराबाहेर जे शिकवतात ते दाराच्या आत शिकवायला कोणीतरी हवं.' वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यातही 'बँकेत नोकरी' खोडून 'बँकेचे दरवान' लिहिलं. अर्ज सोबत पाठवते आहे. कुठे द्यायचा नाही. तुमच्या खणात ठेवा. पुढच्या वर्षी जाहिरात आली तर नवा अर्ज करीन आणि तिकीट मीच चिकटवीन.

मुलाखतीचा मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. शनिवार-रविवार झाला. सोमवारीही झाला. रूपाली म्हणाली, "पागल, हो म्हण ने!" पण यादीतलं ते बारावं नाव मला दिसत राहिलं. मुलगी असेल की मुलगा, ठाऊक नाही. त्यानेही दहा दिवस पोस्टमनची वाट पाहिली असेल, आणि त्याच्या पोस्टमनने 'हो' म्हणून हात हलवला असेल. मी जे तुमच्या खणात भोगलं ते मी दुसऱ्याला जाणूनबुजून कसं द्यायचं? तुमची भरपाई त्याच्या खिशातून गेली असती.

म्हणून काल, सहा तारखेला, रसिकभाईंकडून तासाभराची सुट्टी घेतली, मोरपंखी साडीची घडी मोडली आणि अलकापुरीच्या कार्यालयात गेले. तुम्ही म्हणाला होतात ना, तू म्हणशील तो दिवस तिचा? व्यवस्थापक भले गृहस्थ आहेत. त्यांना लेखी दिलं की यादी आहे तशीच राहू द्यावी. त्यांनी विचारलं, "नक्की? असं कोणी येऊन सांगत नाही." मी सही केली. ती माझ्या नेहमीच्या सहीसारखीच झाली.

तुम्ही माझ्यावर अन्याय केलात असं मला वाटत नाही. तुम्ही माझ्याकडून आशा धरली होतीत, ती मोडली म्हणून रागावलात. आणखी कुणी माझ्या लग्नाच्या बातमीने इतकं दुःखी झालं असतं?

आबा या पत्रात स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिणार होते. तासभर पेन घेऊन बसले. शेवटी मी त्यांना पाठकोरं पान दिलं. त्यावर त्यांनी आधी बंदुकीचा नंबर लिहिला, मग बँकेचा पत्ता, आणि मग हे, जे मी कापून खाली चिकटवते आहे:

'रणवीर, मोहना, रजा संपायच्या आत घरी या. बोलावणं उशिरा जातं आहे. प्रताप.'

रविवारी या, काकू. इतर दिवशी मी सहापर्यंत कामावर असते. आता मी नवरी नाही. तुमच्या मराठीतही नाही आणि आमच्याही.

तुमची,
पूर्वी